बाराव्या मिनिटाला अंगठा का थांबतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा दोन मित्रांना घेऊन मोबाईलसाठी गेम बनवतोय. चारी बाजूंनी राक्षसांची झुंड येते, हत्यार आपोआप चालतं, खेळणाऱ्याने फक्त अंगठ्याने पळायचं आणि वीस मिनिटं जिवंत राहायचं. राक्षस म्हणजे आपले मारबतीचे बडगे, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघतात ते पुतळे. अडचणी दोन. आठव्या मिनिटाला फोन रखडतो, आणि बाराव्या मिनिटाला खेळणारे कंटाळून फोन परत देतात. शेवटी त्याने विचारलंय, "हत्यारं बावीस आहेत, अजून दहा टाकू का?"

नको टाकू. उलट चौदा काढ. कोणती काढायची ते पुढे सांगतो, पण आधी तुझे दोन प्रश्न एकत्र बघू, कारण तो एकच प्रश्न आहे. फोन रखडतो म्हणून तू जिवंत राक्षसांची संख्या 200 वर अडवलीस. तुझ्या शीटप्रमाणे हा आकडा सातव्या मिनिटालाच गाठला जातो. त्यानंतर वाढतो तो फक्त राक्षसांचा जीव, दर मिनिटाला मूळच्या 10 टक्क्यांनी. म्हणजे बाराव्या मिनिटाला राक्षस सुरुवातीच्या 2.2 पट चिवट. आता खेळणाऱ्याकडे बघ. डॅमेज, म्हणजे एका वाराचा मार, दीडपट झालेला असतो. कूलडाऊन, म्हणजे दोन वारांमधला वेळ, 40 टक्क्यांनी कमी, म्हणजे मारण्याचा वेग 1.67 पट. एका गोळ्याच्या जागी तीन. आणि हत्याराच्या वर्तुळाची त्रिज्या 1.4 पट, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट. एकेक वाढ वेगळी बघितली तर किरकोळ वाटते. पण या वाढींची बेरीज होत नाही, त्या गुणल्या जातात. 1.5 गुणिले 1.67 गुणिले 3 गुणिले 1.96 केलं की उत्तर पंधराच्या जवळ जातं. एकीकडे 2.2 आणि दुसरीकडे 15. मग अंगठा कशाला हलेल?

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय. चौदा वर्षं गेमचं प्रोग्रामिंग करतोय, आधी पुण्यात, आता इथे नागपुरात. असाच एक गेम आम्हीही केला होता. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, त्याच्या हातात फोन दिला आणि सकाळी तर्री पोहे खायला घेऊन गेलो. प्लेट आली. त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि दोन्ही हात पोह्यांकडे. स्क्रीनवर त्याचा माणूस मधोमध उभा, भोवती मंतरलेल्या राखेचं वर्तुळ फिरतंय, राक्षस येतायत आणि वर्तुळाच्या कडेला लागून विरघळतायत. त्याने तर्री परत मागितली, लिंबू पिळलं, चणे संपवले. मी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं वीस सेकंद गेली. मग फोनकडे बघून म्हणाला, "मामा, मी मरूनच नाही राहिलो ना!" त्याला वाटलं आपण फार भारी खेळलो. मला कळलं की सहा महिन्यांचं काम टेबलावर उताणं पडलंय.

त्या दिवसापासून मी एकच मोजमाप धरलंय. खेळणाऱ्याचा अंगठा. स्कोअर, वेळ, किती मारले, हे सगळं नंतर. अंगठा सलग पाच सेकंद एका जागी थांबला की वहीत त्या मिनिटापुढे रेघ. तू पाठवलेल्या बिल्डवर, म्हणजे गेमच्या चाचणीच्या प्रतीवर, मी तीन रात्री हेच केलं. पहिली सात मिनिटं एकही रेघ नाही, आणि हे खरंच कौतुकाचं आहे. नवव्या मिनिटापासून रेघा सुरू, बाराव्याला तर अख्खी ओळ भरली.

अंगठा का हलतो? कारण जागा संपत असते. या प्रकारच्या गेममध्ये खेळणाऱ्याकडे खरी संपत्ती एकच, उभं राहायची जागा. रविवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात मेन रोडवरून चालून बघ. तिथे तुला कोणी मारत नाही, तरी तू सतत पुढची फट शोधत असतोस. ठेला कुठे वळतोय, समोरची बाई कुठे थांबणार, स्कूटीवाला मधेच घुसणार का. झुंडीचं काम तेच, फटी बुजवायच्या. हत्याराचं काम फट पाडायची. आणि एक्सपीचे, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या गुणांचे, खडे? तिथे खरी मजा आहे. राक्षस जिथे मेला तिथेच खडा पडतो, म्हणजे ज्या जागेतून तू जीव घेऊन पळालास, कमाई तिथेच राहिली. आता परत घुस. भीती आणि हाव यांची ही ओढाताण म्हणजेच हा गेम. आणि तुझा लोहचुंबक तिसऱ्या लेव्हललाच अख्ख्या स्क्रीनवरचे खडे ओढून घेतो! मग परत घुसायचं कारणच उरलं नाही. बाकी काही करायच्या आधी हे दुरुस्त कर. चुंबकाची त्रिज्या शेवटच्या लेव्हललाही स्क्रीनच्या अर्ध्या रुंदीपेक्षा कमी ठेव. सगळं ओढून घेणारी वस्तू वेगळी, क्वचित सापडणारी असू दे.

ज्याच्यामुळे हा प्रकार घराघरात गेला त्या व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचं उदाहरण घेऊ, कारण तू तो खेळलायस पण उघडून बघितलेला दिसत नाही. लुका गॅलांते नावाच्या माणसाने तो सुरू केला. मार्च 2021 मध्ये इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर टाकला, डिसेंबर 2021 मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात कच्च्या स्वरूपात आला, ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ण झाला आणि 2023 मध्ये बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार घेऊन गेला. त्या यादीत एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकसारखे अवाढव्य गेम होते. गॅलांते आधी जुगाराच्या गेमच्या धंद्यात काम करायचा. त्याच्या गेममध्ये बक्षिसाची पेटी उघडताना होणारी ती रोषणाई, एक, तीन की पाच वस्तू निघणार याची ती धाकधूक, कुठून आली ते वेगळं सांगायला नको. ती रोषणाई तूही केलीस, छान केलीस. पण तिच्याखाली जे गणित आहे ते राहून गेलं.

पहिलं गणित लेव्हलचं. तिथे पहिली लेव्हल वाढायला 5 एक्सपी लागतात, पुढची 15, मग 25, अशी सुरुवातीला दर वेळी दहाने भर. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटातच हातात निवड येते आणि नंतर हळूहळू लांबत जाते. तुझ्याकडे सगळ्या लेव्हलना सारखे 50. सुरुवातीला खेळणारा ताटकळतो आणि दहाव्या मिनिटाला दर सहा सेकंदांनी निवडीची खिडकी उघडते. बाराव्या मिनिटाला माझा अंगठा थांबला त्यातला निम्मा वेळ तर मी त्या खिडकीतच होतो.

दुसरं गणित खणांचं. सहा हत्यारं, सहा पूरक वस्तू, संपलं. घेतलं की सोडता येत नाही. आणि हत्यार आठव्या लेव्हलला नेलं, जोडीची पूरक वस्तू जवळ असली, की दहाव्या मिनिटानंतर बॉसच्या पेटीतून त्याचं मोठं रूप निघतं. चाबकाला होलो हार्ट, म्हणजे पोकळ हृदय, लागतं, जादूच्या कांडीला रिकामं पुस्तक, लसणाला पुमारोला, म्हणजे टोमॅटो. ही जोडी कळली की खेळणारा दुसऱ्या मिनिटाला दहाव्याची योजना आखतो. हृदय आत्ता घेतलं तर एक खण अडकतो, नाही घेतलं तर पुढे मिळेल की नाही कोण जाणे. तुझ्या बावीस हत्यारांत अशी एकही जोडी नाही. बावीस वेगवेगळे मुलगे, कोणाचं कोणाशी लग्न नाही. म्हणून म्हणतो आठ ठेव, आठ पूरक वस्तू ठेव, आणि आठ लग्नं लाव. ठेवताना एवढंच बघ की प्रत्येक हत्यार जागा वेगळ्या तऱ्हेने मोकळी करतं का. एक समोर भोसकतं, एक भोवती फिरतं, एक जमिनीवर जाळ ठेवून जातं, एक ढकलतं, एक लांबच्या जाड्याला वेचून मारतं. तुझी तलवार, कोयता, भाला आणि गुप्ती ही चार चित्रं असली तरी हत्यार एकच आहे. तीन काढ.

आता राक्षसांकडे. दोन रेघा काढ कागदावर. एक, दर सेकंदाला मैदानात येणारा एकूण जीव, म्हणजे संख्या गुणिले प्रत्येकाचा जीव. दुसरी, खेळणारा दर सेकंदाला देतो ते डॅमेज. डॅमेजची रेघ कायम वर राहिली तर पोहे, कायम खाली राहिली तर चौथ्या मिनिटाला मरण. या रेघा दर दोन-तीन मिनिटांनी एकमेकींना ओलांडायला हव्यात. दीड मिनिट चिरडल्यासारखं वाटलं पाहिजे, मग नवीन हत्यार मिळून दीड मिनिट राजा झाल्यासारखं. 2008 च्या लेफ्ट फोर डेडने ही गोष्ट एका 'दिग्दर्शक' प्रोग्रामकडे सोपवली होती. खेळणाऱ्यांवरचा ताण मोजायचा, चढवायचा, शिखराला नेला की मुद्दाम थोडी उसंत द्यायची. तुला एवढं हुशार काही लागणार नाही. मिनिटागणिक एक ओळ असलेली साधी शीट पुरे, फक्त ती सरळ चढती नको.

आणि 200 च्या मर्यादेतही दाब वाढवता येतो बरं का. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सलाही मर्यादा आहेच, 300 च्या आसपास. युक्ती अशी की जागा तीच, पण त्यात बसणारा बदलायचा. आठव्या मिनिटाला हलके राक्षस देणं बंद कर, त्यांच्या खणात जाडे बसव. तुझे सगळे राक्षस खेळणाऱ्यापेक्षा हळू चालतात, त्यामुळे ते मागे शेपटासारखे लोंबतात आणि खेळणारा मोठ्या गोलात फिरत राहतो. त्याला तोडायला शंभरात दहा चपळ, किडकिडीत घाल. मागे पडलेल्यांना उचलून पुढच्या बाजूला, स्क्रीनबाहेर, परत ठेव. लांब राहिलेला राक्षस जिवंत असून उपयोगाचा नसतो, नुसता खण अडवतो. आणि अधूनमधून रचना पाठव. एक रांग, एक भिंत, एक आवळत जाणारं कडं. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सच्या मॅड फॉरेस्ट या मैदानात फुलांचं कडं पडतं तेव्हा लसणाच्या वर्तुळात निवांत उभा असलेला माणूससुद्धा उठून पळतो.

इथे तुझ्या विषयाने तुला जे आयतं दिलंय ते तू वापरलेलंच नाहीस, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे मिरवणुकीतल्या दोन मोठ्या बायकी पुतळ्या, आहेत तुझ्याकडे, शंभराहून अधिक वर्षांच्या, दोन वेगळ्या वाटांनी निघणाऱ्या, आणि नेहरू पुतळा चौकात एकमेकींना भेटणाऱ्या. ती भेट प्रत्यक्ष बघितली आहेस ना? दोन्हीकडून गर्दी दाबत येते, मधल्या माणसाला पुढे जाता येत नाही की मागे. तो तुझा दहावा मिनिट! एका टोकाने काळी, दुसऱ्या टोकाने पिवळी, दोघींमधलं अंतर कमी होतंय आणि खेळणारा मधे. तू काय केलंस, पाचव्याला काळी बॉस, दहाव्याला पिवळी बॉस, रंग बदलला फक्त. तसंच "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी तू मेन्यूत वाजवलीस. अरे, ती वस्तू कर. सापडली की आरोळी उठते आणि स्क्रीनवरचं सगळं किडूकमिडूक ओढत घेऊन जाते. नागपूरच्या पोराला ते कसं वापरायचं हे शिकवावं लागणार नाही. बडग्यांच्या बाबतीत एकच सांगतो, चौकातले बडगे ओळखीच्या चेहऱ्यांचे असतात, तुझे नकोत. महागाई, खड्डे, डेंग्यूचा डास यांचे कर. खड्ड्याचा बडगा जिथे मरेल तिथे खड्डा राहील, बघ, जागा कमी झाली की नाही?

आता फोन. आधी प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन, लाव, अंदाजाने काही बदलू नको. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद. तुझ्या बिल्डमध्ये 200 राक्षसांवर त्यातला मोठा वाटा टकरी तपासण्यात जातोय. प्रत्येकाने प्रत्येकाशी तपासायचं तर 200 चे 19,900 जोड होतात, 300 चे 44,850. संख्या दीडपट, काम सव्वादोनपट. तू प्रत्येक राक्षसाला गोडोचा, म्हणजे तू वापरतोस त्या गेम इंजिनचा, पूर्ण फिजिक्सचा नोड दिलायस. एवढ्या थाटाची गरज नाही. राक्षस म्हणजे एका यादीतला एक ठिपका, जागा, वेग आणि जीव एवढंच. मैदानावर चौकटी आख, समज 64 पिक्सेलच्या, आणि प्रत्येकाने आपल्या व आजूबाजूच्या आठ चौकटींतलेच शेजारी बघायचे. अंतर तपासताना वर्गमूळ काढू नको, वर्गांचीच तुलना कर. दिशा ठरवायचं काम दर फ्रेमला फक्त एक तृतीयांश राक्षसांनी करायचं. सेकंदाला वीस वेळा वळणारा राक्षस आणि साठ वेळा वळणारा यांतला फरक मला आजवर कोणी ओळखून दाखवलेला नाही. चित्रं एकेक न काढता गोडोच्या मल्टिमेश या सोयीने एका झटक्यात काढ.

वाट शोधण्याचा अल्गोरिदम काढून टाक. उघड्या मैदानात खेळणाऱ्याकडे सरळ चालत जाणं हीच वाट. पुढे गल्ल्यांचा नकाशा केलास तर खेळणाऱ्यापासून एकदाच सगळीकडे अंतर पसरव आणि सगळ्यांनी तोच नकाशा वाचायचा.

पूलिंगबद्दल, म्हणजे वस्तू टाकून न देता परत वापरण्याबद्दल, विचारलं होतंस. गोडोच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत मेमरीतला कचरा गोळा करणारा कलेक्टर नाही, त्यामुळे युनिटी या दुसऱ्या इंजिनात बसतात तसे झटके इथे त्या कारणाने बसत नाहीत. पण एका फ्रेममध्ये चाळीस नोड नवे करून गोडोच्या नोडांच्या झाडाला लावायचे म्हटलं की वेळ जातोच. म्हणून मेलेला राक्षस फेकू नको, लपव आणि परत वापर. खड्यांचंही तेच, आणि जमिनीवर फार साचले की जवळजवळचे दोन-चार मिळून एक मोठा कर. आणि एक चोर कोणाच्या लक्षात येत नाही, राक्षसांच्या डोक्यावर उडणारे डॅमेजचे आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एक लेबल. तुझ्या जाळाच्या हत्याराने सेकंदाला शेकडो लेबलं जन्माला घातली. आकडे पाव सेकंदाला एकदा, एकत्र करून दाखव. एवढ्यानेच माझ्या फोनवर आठव्या मिनिटाचा रखडा दहाव्यावर गेला.

अजून एक शंका, जी पुण्यात बसून मला कधी आली नसती. आठव्या मिनिटाला फोन रखडतो याचं कारण आठवं मिनिट हेच असू शकतं. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ओलांडतो, कुलर असलेल्या खोलीतही फोन हाताला चटका देतो. खात्री करायची तर असं कर, गेम थेट आठव्या मिनिटापासून सुरू होईल अशी कळ ठेव. थंड फोनवर तिथूनच सुरू केलं आणि सुरळीत चाललं, तर दोष गर्दीचा नाही, उष्णतेचा आहे. मग सरळ 30 फ्रेमचा पर्याय दे. स्वस्त फोनवाला तुला दुवा देईल.

उभ्या फोनची एक गंमत सांगायची राहिली. तुझं मैदान 720 बाय 1600 धरलं तर मधोमध उभ्या माणसाला बाजू 360 वर आणि माथा 800 वर. सेकंदाला 120 ने चालणारा राक्षस बाजूने 3 सेकंदांत पोचतो, वरून जवळपास पावणेसात सेकंदांत. सुरुवातीला मरणारे सगळे बाजूने मरतायत ते यामुळे. त्यात खालचा तिसरा भाग अंगठ्याखाली झाकलेला. माणसाला स्क्रीनच्या मध्यापेक्षा थोडा वर उभा कर, बाजूंच्या राक्षसांना कडेपासून आणखी लांब जन्म दे, आणि खालून कधीच चपळ राक्षस पाठवू नको. हिटबॉक्स, म्हणजे मार लागतो तो चौकोन, तोही चित्रापेक्षा लहान कर. वाचलो वाचलो म्हणत निसटलेला खेळणारा पुन्हा खेळतो, न लागता मेलेला अनइन्स्टॉल करतो.

पैशांचं विचारलंस त्यावर फार बोलत नाही. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स डिसेंबर 2022 मध्ये मोबाईलवर फुकट आला आणि जाहिरात बघायची की नाही हे खेळणाऱ्यावर सोडलं. मेल्यावर एकदा उठायला जाहिरात, एवढंच ठेव. लेव्हलच्या खिडकीत जाहिरात टाकलीस तर मी स्वतः येऊन कान धरीन.

इंजिन बदलायचं डोक्यातून काढ. याच प्रकारचा ब्रोटॅटो गोडोतच झालाय, हॉल्स ऑफ टॉर्मेंटही. परीक्षा डिसेंबरात आहे म्हणालास, तेव्हा आधी चुंबक आणि लेव्हलचं गणित, मग चौकटी आणि लेबलं, मारबतींची भेट सगळ्यात शेवटी. पुढचा बिल्ड आठ हत्यारांचा पाठव. आणि चाचणी घेताना फोनचं कव्हर काढू नको, लोक कव्हर घालूनच खेळतात.